अनुदानाचा खरा अधिकारी

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले असून, देश, काळ आणि पात्र पाहून परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान तेथे सात्त्विक ठरते. कामगारांच्या प्रशिक्षणासाठी शासन उद्योगांना जे अनुदान देते, त्याला मात्र ही कसोटी जशीच्या तशी लागू पडत नाही. कारण शासन हे सार्वजनिक द्रव्याचे स्वामी नसून विश्वस्त असते, आणि विश्वस्ताची फलनिरपेक्षता हा गुण नसून कर्तव्यच्युती होय. पात्रतेचा विचार तेवढा दोन्हीकडे समान राहतो.

२०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत, आस्थापनेत प्रत्यक्ष काम करत व्यवसाय शिकणाऱ्या उमेदवाराच्या विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल दरमहा १५०० रुपये, वाटा केंद्र शासन उचलते. पूर्वी ही रक्कम मालकाला प्रतिपूर्ती म्हणून मिळे. २०२३ पासून ती थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागली. तरीही मालकाचा खर्च तेवढाच हलका होत असल्याने, लाभाचा खरा अधिकारी कोण, हा प्रश्न केवळ खाते बदलल्याने सुटत नाही.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या ग्रंथात सर्वसाधारण कौशल्य, म्हणजे कोणत्याही आस्थापनेत उपयोगी पडणारे, आणि विशिष्ट कौशल्य, म्हणजे एकाच आस्थापनेपुरते मर्यादित असलेले, असा भेद केला. पहिल्या प्रकारचा खर्च मालक सहसा सोसत नाही, कारण शिकलेला माणूस अन्यत्र जाऊ शकतो. तो भार कमी वेतनाच्या रूपाने शिकणाऱ्यावर पडतो, आणि ज्याला तो पेलवत नाही त्याच्यासाठी सार्वजनिक साहाय्य न्याय्य ठरते. दुसऱ्या प्रकारात लाभ मुख्यतः मालकाचा असल्याने तसे समर्थन उरत नाही.

तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे; चार ते एकोणतीस कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना ते ऐच्छिक आहे. म्हणून अनुदानाची खरी गरज मोठ्या आस्थापनांपेक्षा लहान आस्थापनांत आहे. मोठ्या कारखान्यात यंत्रे व प्रशिक्षक अधिक चांगले असतात, हा आक्षेप खरा असला, तरी त्यातून तेथील शिक्षणाची गुणवत्ता सिद्ध होते, अनुदानाची गरज नव्हे. जे अन्यथाही घडले असते त्यावर खर्च झालेले द्रव्य कोणाचेच दैन्य दूर करत नाही. उलट, सर्वत्र उपयोगी पडणारे कौशल्य शिकून उमेदवार दुसरीकडे नोकरीस गेला, तर मालकाच्या हिशेबी ती हानी असली, तरी विश्वस्ताच्या हिशेबी तेच अनुदानाचे सार्थक होय.