नऊ आकृत्यांत न मावणारी मुलगी

स्वतःच्या शरीराबद्दल माणूस किती नाराज आहे हे मोजायला मानसशास्त्रात एक कागद वापरतात. अल्बर्ट स्टंकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो 1983 मध्ये तयार केला. ओळीने नऊ बायका काढलेल्या. पहिली काटकुळी, शेवटची लठ्ठ. आज तुम्ही यातल्या कोणासारख्या दिसता आणि कोणासारखं दिसावंसं वाटतं, एवढंच विचारायचं. दोन उत्तरांमधलं अंतर म्हणजे नाराजी.

हा कागद डहाणूजवळच्या आशागडातल्या एखाद्या कॉलेजकन्येपुढे ठेवून बघा. जाड होण्याची धास्ती तिला कदाचित नसेलच. ‘काळी’, ‘काडी’, ‘अंगावर मांस नाही’ हे ऐकत ती वाढलेली असू शकते. फोनमधला फिल्टर तिचा चेहरा उजळ करून दाखवतो आणि आरशासमोर ती खट्टू होते. नऊ आकृत्यांत रंगाचा प्रश्नच नाही. तिचं दुःख त्या कागदावर उमटणार कुठे?

म्हणून मला वाटतं, मनाचे असे अभ्यास आपल्याकडे व्हावेत आणि आपल्या मुलामुलींनी त्यांत आपणहून भाग घ्यावा. जेफ्री आर्नेट यांनी 2008 मध्ये मानसशास्त्राची सहा मोठी अमेरिकी नियतकालिकं तपासली, तेव्हा अभ्यासांतली बहुतेक सगळी माणसं पाश्चात्त्य देशांतली निघाली. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण 2015-16 मध्ये 12 राज्यांत झालं. डहाणूशेजारच्या तलासरीपलीकडचा गुजरात त्यात होता, महाराष्ट्र नव्हता. भूकंपाच्या वेळीही तेच: नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत जमीन हादरू लागली, लोक थंडीत घराबाहेर झोपले. धक्के मोजणारी यंत्रं आली. पण भांडं पडलं तरी ज्यांच्या छातीत धस्स होत होतं, त्यांची विचारपूस आपण किती केली?

प्रश्नावली भरणाऱ्याला स्वतःला बहुधा काहीच मिळत नाही. त्याचा आजार बरा होत नाही, कागदावर नावही राहत नाही. उपयोग झालाच तर तो पुढे कधीतरी, अनोळखी मुलीला. हे गुप्तदानच आहे. आणि दान कोणाकडून उकळायचं नसतं.

इथे माझा आग्रह जास्त आहे. आश्रमशाळेत सर वर्गात येऊन म्हणाले, ‘सगळ्यांनी फॉर्म भरा रे’, तर कोणती मुलगी नाही म्हणेल? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: गावप्रमुखाची परवानगी ही व्यक्तीच्या संमतीच्या जागी चालत नाही, आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. अठराखालच्या मुलीसाठी पालकांची संमती लागते, शिवाय तिचा स्वतःचा होकारही. मानसिक आजार असलेल्या माणसाची संशोधनासाठी नुसती मुलाखत घ्यायची तरी त्याची संमती हवी, असं 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो. ज्या मुलखात 1945 साली झरीच्या सभेत वारली आदिवासींनी वेठ करणार नाही असं ठरवलं, तिथे नकाराचं मोल वेगळं सांगायला नको. फॉर्म वाटणाऱ्यांनीच ते ध्यानात ठेवावं. सरांना वर्गाबाहेर थांबवावं, कोरा कागद परत आला तर तोही मुकाट्याने घ्यावा.

डहाणूत वैद्यकीय संशोधन परिषदेचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. सर्पदंशावर तिथल्या संशोधकांनी काम केलं तेव्हा ते गावकऱ्यांबरोबर भगतांशीही बोलले. मनाच्या अभ्यासातही तसंच व्हावं: आधी पाड्यावर बसून ऐकावं, मग प्रश्न लिहावेत. निष्कर्ष निघाले की परत येऊन ते लोकांना समजेल अशा बोलीत सांगावेत. आणि उत्तरं देता देता एखादीला रडू कोसळलं, तर तिला त्याच दिवशी कोण भेटणार, हे पहिला फॉर्म वाटण्याआधी ठरलेलं असावं. अभ्यासाची वाट बघायचीही गरज नाही. जीव घाबरत असेल, झोप उडाली असेल, तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक आहे. तिथे रात्रीही बोलता येतं, मराठीत, पैसे न मोजता.