माशाचे जिवंत असणे आणि निरोगी असणे

कर्वेनगरला लागून वाहणाऱ्या मुठेविषयी एक विधान वरचेवर केले जाते: पात्रात मासे दिसतात, त्याअर्थी पाणी सुधारत असले पाहिजे. या विधानात दोन वेगळ्या दोषांची गल्लत आहे. मैलापाण्याने विरघळलेला प्राणवायू घटतो आणि मासे तडफडून मरतात, हे सर्वज्ञात आहे. दुसऱ्या प्रकारचे पाणी मात्र माशाला जगू देते आणि आतून निकामी करते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात प्रयोगासाठी राखलेल्या एका सरोवरात 2001 ते 2003 या काळात गर्भनिरोधक गोळ्यांतील कृत्रिम स्त्री-संप्रेरक लिटरमागे अवघे 5-6 नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) राहील इतके सोडले गेले. तेवढ्याने नर माशांच्या शरीरात अंड्यातील बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले आणि फॅटहेड मिनो हा लहानसा मासा तेथून जवळजवळ नाहीसा झाला.

पुण्याकडील माशांच्या जुन्या नोंदींतूनही हा आतला दोष कळत नाही. सायक्सने 1839 मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन केले, 1942 मध्ये फ्रेझरने पुण्याच्या माशांची यादी दिली. या याद्या अनमोल आहेत, परंतु त्यांतून कोणते मासे आहेत एवढेच कळते, आणि यादीतून नाव गळते ते सर्वांत शेवटी, मूत्रपिंड, कल्ले व अंडाशय बिघडून गेल्यावर.

शुद्धीकरण केंद्रे पुरेशी झाली की प्रश्न मिटेल, हे अभियंत्यांचे म्हणणे म्हणूनच अपुरे वाटते. केंद्राची मुख्य कसोटी बीओडी, म्हणजे घाण कुजवताना सूक्ष्मजीवांना लागणारा प्राणवायू. डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक नेहमीच्या प्रक्रियेतून बऱ्याच अंशी तसेच निसटते आणि ही कसोटी त्याची दखलही घेत नाही. मुठेच्या गाळात प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुके शहराच्या वरच्या भागापेक्षा शहरात सुमारे तीसपट आढळल्याचे 2017 च्या संशोधनाने दाखवले, आणि त्याचा दोष प्रक्रियेविना सोडलेल्या सांडपाण्याकडे जातो, हे मात्र अभियंत्यांच्याच बाजूने बोलते.

पाण्यात उतरणारी रसायने म्हणून तणनाशके आणि औषधे यांना एकाच बंदीच्या मागणीत बसवण्याची सवयही येथे टिकत नाही. ॲट्राझिन किंवा टू-फोर-डीसारखे तणनाशक उसाच्या शेतातून पावसाबरोबर वाहते. खडकवासल्याच्या कालव्यावर भिजणाऱ्या दौंड-इंदापूरकडील रानांतून ते भीमेत आणि पुढे उजनी धरणात उतरू शकते, आणि वापर आवरला तर तेही आवरते. औषध मात्र रुग्णाच्या शरीरातूनच, बाराही महिने येते, आणि दुखणाऱ्या गुडघ्याला गोळी नाकारता येत नाही. तेव्हा उपाय केंद्रातच शोधावा लागतो. स्वित्झर्लंडने 2016 पासून निवडक केंद्रांना ओझोन किंवा सक्रिय कोळशाची जादा पायरी बंधनकारक केली आहे. अभियंत्यांचे उत्तर अशा रीतीने बरोबर ठरते, त्यांची मोजपट्टी तेवढी तोकडी आहे. विठ्ठलवाडीच्या केंद्राखाली सापडणाऱ्या माशाचे कल्ले आणि मूत्रपिंड सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे हा त्या मोजपट्टीचाच भाग व्हायला हवा.