रात्रीचा रोजमेळ

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबाजी दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरून घेत. ५ जूनच्या रविवारी सोळावा अध्याय निघाला. गुणांची ती फौज. अघाडीला अभय, पिछाडीला नम्रता, अशी मांडणी त्यांनी केली.

माउली, पिछाडी नम्रतेकडे का, हे स्वतःचा हिशेब ठेवू लागल्याशिवाय कळत नाही. जळगावचा दुकानदार रोजमेळ जुळविल्यावाचून उठत नसे. हरिपाठ झाल्यावर आपणही तसेच बसावे. आज मापात मारले काय? सालदाराचा पैसा उद्यावर ढकलला काय? कुणाला टाकून बोललो काय?

परंतु जमेची बाजू भरू लागली, की पिछाडी उघडी पडते. महिनाभर रागावलो नाही, असे घरात चारदा सांगणारा पाचव्या वेळी कुणी ऐकले नाही म्हणून रागावतो! वारीचेही तेच. मुक्ताईच्या पालखीबरोबर चालताना 'तुमची कितवी?' हा प्रश्न निघतोच. मग आकडा मोठा तो पुढे, आणि नवखा बिचारा मागे. अहो, पांडुरंगाने कुणाच्या वाऱ्या मोजल्या?

म्हणून जमा लिहूच नये, नावेची बाजू तेवढी लिहावी. ज्याला दुखविले त्याचे नाव रात्री मांडावे, सकाळी त्याच्या पायां पडावे, मग ते नाव खोडावे. वारीत आपण एकमेकांच्या पायां पडतोच की!

"सून असली तरी?" एका आजोबांनी विचारले.

होय बाबा, सून असली तरी. आणि सालदार असला तरी. त्याचा पैसा मात्र आधी हातावर ठेवा.