प्रमथांचे हास्य

चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त कोणत्या रसाचे कोणत्या रसाशी वैर आहे याची जी यादी दिली आहे, तीत हास्याचे शत्रू म्हणून करुण व भयानक या दोघांची नोंद आहे, आणि रात्री स्मशानाजवळच्या वाटेने एकट्याने जाण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्याला या निवाड्यावर हरकत घेण्याचे काही कारण दिसणार नाही. परंतु या रसशास्त्राचा आद्य प्रणेता जो भरत, त्याने प्रत्येक रसाला एकेक देवता नेमून देताना हास्याचा कारभार सोपविला तो प्रमथांकडे, म्हणजे शिवाच्या मागून चालणाऱ्या त्या विद्रूप, वेड्यावाकड्या अंगाच्या गणांकडे. त्याच्या मते विकृत वेष व विकृत चेष्टा हे हास्याचे कारण, आणि भयानकाच्या कारणांत विकृत स्वर व भूतदर्शन. तेव्हा एकाच विकृतीच्या पोटी जन्मलेल्या या दोन रसांचे वैर भाऊबंदकीतले असावे, असे मला वाटते. ही भाऊबंदकी मिटविण्याचे काम अलीकडच्या काळात कोणी केले असेल, तर ते विद्वानांनी किंवा मातब्बर चित्रसंस्थांनी केलेले नाही. ज्यांच्या खिशात पुरेसे पैसे नव्हते, अशा काही उत्साही आणि बहुधा पोरसवदा मंडळींनी ते केले आहे.

‘हॉरर कॉमेडी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अल्प भांडवलात निघालेल्या आणि प्रदर्शनानंतर वर्षानुवर्षे भक्तांचा एक संप्रदाय बाळगून राहिलेल्या चित्रपटांविषयी मी लिहीत आहे. रॉजर कॉर्मन या अमेरिकन निर्मात्याने 1960 साली ‘द लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ काढला, तो दुसऱ्या चित्रपटासाठी उभारलेल्या आणि मोडण्याच्या बेतात असलेल्या नेपथ्यावर, मुख्य चित्रीकरण अवघ्या दोन दिवसांत उरकून. फुलांच्या दुकानातला एक गबाळा नोकर, त्याने वाढविलेले नरभक्षक रोपटे, आणि दंतवैद्याच्या खुर्चीत वेदनेचा आनंद लुटणारा एक रोगी (हे काम त्या वेळी अप्रसिद्ध असलेल्या जॅक निकल्सनचे) एवढ्या सामग्रीवर उभ्या राहिलेल्या या खेळाचे पुढे 1982 मध्ये संगीत नाटक झाले आणि 1986 मध्ये त्या नाटकावरून भरपूर खर्चाचा चित्रपट निघाला. तो देखणा आहे यात वाद नाही. पण त्यातले रोपटे इतके निर्दोष हलते, की ते हलविणाऱ्यांची आठवणच होत नाही.

या जातीचा खरा दस्तऐवज म्हणजे सॅम रेमीचा ‘द इव्हिल डेड’. मिशिगनमधल्या या विशीतल्या तरुणाने रॉबर्ट टॅपर्ट व ब्रूस कॅम्पबेल या मित्रांसह आधी ‘विदिन द वुड्स’ नावाचा लघुपट केवळ नमुना म्हणून तयार केला, तो दाखवून भांडवल जमविले, आणि 1979 च्या हिवाळ्यात टेनेसी राज्यातील मॉरिसटाउनजवळच्या एका ओसाड लाकडी घरात मुक्काम ठोकला. थंडी कडाक्याची, रक्त म्हणून वापरायचा तो मक्याचा पाक व खाण्याचा रंग, पिशाचबाधा झालेल्या पात्रांच्या डोळ्यांत बसविलेल्या पांढऱ्या भिंगांतून नटनट्यांना जवळजवळ काहीच दिसत नसे, आणि रानातून घराकडे धावत येणाऱ्या अदृश्य शक्तीची जी दृष्टी चित्रपटात दिसते, ती कॅमेरा एका फळीला बांधून ती फळी दोघांनी दोन टोकांस धरून पळत सुटल्याने निर्माण झालेली आहे. ठरलेली मुदत उलटून गेल्यावर बहुतेक नट आपापल्या घरी परतले, तेव्हा रेमीने उरलेल्यांना त्यांचे कपडे चढवून, पाठमोरे उभे करून काम भागविले. अशा बदली माणसांना तो ‘फेक शेम्प’ म्हणे. कारण ‘थ्री स्टूजेस’ या विनोदी त्रिकुटातला शेम्प हॉवर्ड वारल्यावर त्याच्या जागी असाच एक पाठमोरा तोतया उभा केला गेला होता. म्हणजे भयाचा हा सारा खटाटोप चालला असताना कर्त्याच्या डोक्यात परंपरा वावरत होती ती मारामारीच्या प्रहसनाची! म्हणूनच 1987 च्या दुसऱ्या भागात नायकाचा स्वतःचाच पंजा पिशाच्चाच्या ताब्यात जाऊन त्याला भांड्यांनी बडवू लागतो, तेव्हा प्रेक्षकाला धक्का बसत नाही. पहिल्या भागात दबून राहिलेले हसू तेथे राजरोस बाहेर पडते. मधल्या काळात ब्रिटनमध्ये याच पहिल्या भागाच्या कॅसेटी जप्त झाल्या, विक्रेत्यांवर खटले भरले गेले, आणि 1984 मध्ये अशा चित्रफितींच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र कायदा आला. मक्याच्या पाकावर सरकारने इतकी दहशत खाल्ल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

आता मूळ प्रश्न असा, की हे चित्रपट स्वस्त असूनही आवडतात की स्वस्त आहेत म्हणून आवडतात? भरताचा भाष्यकार अभिनवगुप्त याने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत आणि त्यांत पहिला मान संभवनीयतेच्या अभावाला दिला आहे. समोरचे घडणे शक्यच नाही अशी प्रेक्षकाची खात्री झाली, की त्याचे चित्त तेथे विसावत नाही. या कसोटीवर आमचे चित्रपट पहिल्याच फेरीत बाद व्हावयास हवेत, कारण त्यांतले शिर रबराचे असल्याचे शेंबडे पोरही सांगेल. पण घडते ते निराळेच. भरपूर पैसा ओतून केलेल्या भयपटात प्रेक्षक हा केवळ रयत असतो: वरून हुकूम सुटतो, तो दचकतो, आणि खेळ संपल्यावर घरी जातो. निष्कांचन चित्रपटात मात्र ज्या क्षणी रबराची शिवण दिसते, त्याच क्षणी ती शिवण घालणारा हातही दिसतो. हे या लोकांनी कसे जमविले असेल, पुढचे शिर आता कोठून आणतील, हा विचार मनात आल्याबरोबर प्रेक्षक रयतेतून उठून त्या कटाचा भागीदार होतो. आणि भागीदाराला भीती वाटली तरी ती स्वतःच्या संमतीने वाटते, हसू आले तरी ते तुच्छतेने येत नाही. शास्त्रकारांनी ज्याला विघ्न म्हटले, तोच येथे दरवाजा ठरतो.

न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सनचा ‘बॅड टेस्ट’ (1987) याची साक्ष अधिक मोकळेपणाने देतो. वेलिंग्टनच्या एका वृत्तपत्रात नोकरी करणारा हा तरुण शनिवार-रविवारी मित्रांना गोळा करून पुकेरुआ बे या आपल्या गावी चित्रीकरण करी, आणि असे करीत चार वर्षे गेली. सरकारी चित्रपट आयोगाकडून पैसे मिळाले ते बरेच काम हातावेगळे झाल्यावर. परग्रहवासी राक्षसांचे मुखवटे त्याने आईच्या भट्टीत भाजले. कड्यावरच्या मारामारीत दाढीवाला आणि बिनदाढीचा, असे दोन्ही इसम जॅक्सन स्वतःच आहे. माणसे खाण्यासाठी आलेले परकीय आणि मेंदूचा सांडलेला भाग कमरपट्ट्याने कवटीत दाबून धरणारा नायक, हा मजकूर बीभत्स आहे हे मी नाकारीत नाही, आणि ज्यांना तो सोसणार नाही त्यांना भित्रे म्हणण्याचा माझा इरादाही नाही. परंतु चार वर्षांचे रविवार या खुळासाठी खर्ची घालणाऱ्या माणसाची जी निष्ठा पडद्यावर दिसते, ती मला त्याच माणसाच्या अकरा ऑस्कर मिळविणाऱ्या महाचित्रपटात इतकी उघड दिसली नाही.

मराठी माणसाला हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. कोकणातल्या दशावतारात आरंभी येणारा संकासुर हा वेदांची चोरी करणारा दैत्य, अंगावर काळा पोशाख, शेवटी विष्णूच्या हातून मरणारा. आणि तरीही मरेपर्यंत तो देवळापुढे जमलेल्या मंडळींना हसवीत असतो. नेपथ्य म्हणून एक बाकडे, सारा संसार एका पेटाऱ्यात; त्या दारिद्र्याची लाज ना नटाला, ना प्रेक्षकाला. रामसे बंधूंच्या हिंदी भयपटांत मात्र ‘पुराना मंदिर’ (1984) सारख्या ठिकाणी विनोद ठिगळासारखा वेगळा राहतो; सामरी या सैतानाची भीती एका दालनात आणि विनोदी नट जगदीपचे चाळे दुसऱ्यात, अशी वाटणी तेथे झालेली आहे. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ने (1993) ही भिंत पाडली. परदेशी कल्पनेवरून घेतलेला असला तरी त्यातला तात्या विंचू हा बाहुला नाचविला रामदास पाध्ये यांनी, ज्यांच्या मांडीवरचा अर्धवटराव घरोघरी ठाऊक होता. बाहुल्याच्या आत कोणाचा हात आहे हे पोराबाळांना पक्के माहीत असूनही ती भ्याली, आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची त्रेधा पाहून त्याच दमात हसली.

याचा अर्थ प्रत्येक टाकाऊ चित्रपट पूज्य आहे, असा मुळीच नाही. एड वुडच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’मध्ये चित्रीकरणाआधीच मरण पावलेल्या बेला लुगोसी या नटाच्या जागी त्याच्याशी काडीचेही साम्य नसलेला गृहस्थ तोंडावर झगा धरून वावरतो, ही युक्ती रेमीच्या तोतयाचीच सख्खी बहीण, पण येथे कर्त्याला आपली शिवण दिसते आहे की नाही याचा भरवसा वाटत नाही, आणि म्हणून त्या हसण्यात थोडी क्रूरता मिसळते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे बुद्ध्याच केलेला गचाळपणा. 2013 च्या ‘शार्कनेडो’पासून वादळातून शार्क मासे बरसविणाऱ्या चित्रपटांची जी रांग लागली, तिच्यात दारिद्र्य हे सोंग आहे; बेफिकिरीलाच विनोद म्हणून खपविण्याची ती तजवीज आहे. ज्याने नीट करण्याची धडपडच केली नाही, त्याच्या फसण्यात पाहण्यासारखे काय?

म्हणून ज्या वाचकाला या प्रांतात पहिले पाऊल टाकावयाचे असेल, त्याने जॅक्सनपासून आरंभ न करता शिनइचिरो उएदा या जपानी दिग्दर्शकाच्या ‘वन कट ऑफ द डेड’पासून (2017) करावा. सुमारे तीस लाख येनमध्ये, फारशा परिचित नसलेल्या नटांना घेऊन केलेला हा चित्रपट 2018 मध्ये टोकियोतील दोन चित्रगृहांत लागला आणि पाहता पाहता जपानभर पसरून त्याने तीनशे कोटी येनांहून अधिक गल्ला जमविला. त्याचा आरंभ म्हणजे कॅमेरा एकदाही न थांबवता घेतलेला सदतीस मिनिटांचा एक रडका भुताटकीपट आहे: संवाद अडखळतात, पात्रे उगाच घुटमळतात, आणि पैसे वाया गेले असे कोणालाही वाटावे. त्यानंतर काय होते ते सांगून मी मजा घालविणार नाही. चार जणांना बरोबर घेऊन बसा, आणि त्या सदतीस मिनिटांत कितीही कंटाळा आला तरी उठू नका.