नाण्यामागचा ठसा

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत प्रेसवर उभ्या असलेल्या माणसाला डाय म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. नुकताच निघालेला भाग हातात घेऊन तो कडेवरून अंगठा फिरवतो. बर, म्हणजे कडेला उठणारी धातूची कोर, किती येते आहे त्यावरून डाय ग्राइंडिंगला उतरवायची की अजून एक लॉट काढायचा, हे ठरते. इथल्याच इंडो-जर्मन टूल रूममध्ये मुले डाय, म्हणजे ठसा, घडवायला शिकतात. वस्तू पाहून तिच्या ठशाची तब्येत ओळखणारी ही नजर सोन्याच्या जुन्या नाण्यांच्या अभ्यासकालाही लागते.

या अभ्यासासाठी दूर जायला नको. शहराच्या पलीकडे देवगिरी आहे. तिथल्या यादवांची पद्मटंका साधारण पावणेचार ग्रॅम सोन्याची. तिच्यावरची चिन्हे एका ठशातून एकदम उठलेली नसतात. मध्ये कमळ, भोवती शंख, ‘श्री’ आणि नागरी अक्षरांत राजाचे नाव, असा प्रत्येक पंच वेगळा मारलेला असतो. मागची बाजू बहुधा कोरी. घावांमुळे नाणे मध्ये खोलगट होते. कुठे शंख कमळाला खेटतो, कुठे नावाचे शेवटचे अक्षर काठाबाहेर जाते. त्यामुळे दोन पद्मटंका अगदी एकसारख्या मिळणे कठीण. ज्ञानदेवांनी १२९० साली नेवाशात गीतेवर निरूपण केले, तेव्हा देवगिरीच्या गादीवर रामचंद्रदेव होता. त्याच्या नावाची पद्मटंका पाहिली की मला राजापेक्षा तो पंच धरणारा हात आठवतो. त्याचे नाव कुठेच लिहिलेले नाही, पण हातोडा किती तिरका पडला ते सोन्यात आजही दिसते.

पुढे याच शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, मोगलांची टांकसाळ चालली. तिच्या अनेक नाण्यांवर शहराचे बिरुद ‘खुजिस्ता बुनियाद’ असे येते. इथे ठसा एकसंध होता, पण बहुतेक वेळा तो नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. म्हणून एका नाण्यावर मजकुराचा वरचा भाग येतो, दुसऱ्यावर खालचा. एकाच ठशाची अनेक नाणी शेजारी ठेवली, तरच त्यावर मुळात काय कोरले होते ते पुरते वाचता येते. एकसारखी दिसणारी नाणी संग्राहक का जमवतो, याचे उत्तर यात आहे.

अमेरिकेच्या जुन्या नाण्यांतही घडवणाऱ्या हाताचे असेच भेद दिसतात. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतून सोन्याची पहिली नाणी १७९५ मध्ये निघाली. ठशांवरची अक्षरे, तारे, आकडे हाताने एकेक ठोकले जात, म्हणून प्रत्येक ठसा निराळा. त्या वर्षीच्या दहा डॉलरच्या काही नाण्यांवर गरुडाच्या पायातील फांदीला १३ पाने आहेत, काहींवर ९. पोलाद मौल्यवान, म्हणून जुना ठसा टाकून देत नसत. १८०३ च्या पाच डॉलरच्या नाण्यांवर ३ च्या खाली आधीचा २ दिसतो. ठशाला तडा गेला की नाण्यावर बारीक उंच रेघ उमटते आणि तडा वाढेल तशी रेघ लांबत जाते. त्या रेघेवरून कोणते नाणे आधी पाडले आणि कोणते नंतर, हे दोनशे वर्षांनी सांगता येते. हॅरी बास या संग्राहकाने असे भेद वर्षानुवर्षे टिपले. त्याच्या अभ्यासावर आधारलेला, जॉन डॅनरॉयथर यांनी लिहिलेला ग्रंथ २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. संग्रह करावा तर असा, असे मला मनापासून वाटते. तिजोरीत सोने साठवणारे पुष्कळ असतात. प्रत्येक नाण्याची नोंद ठेवणारा विरळा.

नोंद महत्त्वाची, कारण सोन्याच्या नाण्याचा खरा शत्रू मूस आहे. १८२२ साली पाच डॉलरची १७,७९६ नाणी पाडल्याची नोंद आहे. आज माहीत आहेत ती फक्त तीन. सोन्याचा भाव नाण्यावरच्या किमतीच्या वर गेला आणि बाकीची वितळवली गेली. आपल्याकडे वेगळे काय झाले? शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाशी जोडलेला, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे मिरवणारा सोन्याचा होन आज अतिदुर्मीळ आहे. तांब्याच्या शिवराया मात्र पुष्कळ उरल्या, म्हणून त्यांच्यावरच्या अक्षरांची वळणे आणि ठिपके यांचे कितीतरी भेद अभ्यासकांना मांडता आले. सोन्याबाबत ती संधी मुशीत गेली. उरलेल्यांतल्या कित्येक नाण्यांना गळ्यात घालण्यासाठी कडी डाखलेली. त्या डाखाखाली ठशाचा तेवढा भाग कायमचा झाकला जातो.

घरातल्या जुन्या डब्यात सोन्याचे एखादे नाणे असेल, तर मोडीत घालण्यापूर्वी एवढे करा. त्याला घासू नका, चिंच लावू नका. दोन्ही बाजूंचे स्वच्छ उजेडात फोटो काढा, बारीक काट्यावर वजन करून घ्या, आणि ते कोणाकडून, कोणत्या गावाहून आले ते लिहून ठेवा. मग जाणकाराला दाखवा. नांगरताना किंवा पाया खणताना सापडले असेल, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. तिथे लपवण्यात शहाणपण नाही. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते, ते परदेशी पाठवता येत नाही. आणि सराफाच्या दुकानात वितळवायला आलेले नागरी अक्षरांचे नाणे तुमच्या नजरेस पडले, तर मूस पेटण्याआधी निदान एक फोटो मागून घ्या.