नाण्यावरचा महाराज, मांडवातला महाराज

वाशिमला एका लग्नाच्या मांडवात, दुसऱ्या पंगतीची पाने मांडून होत असताना, कोणीतरी "महाराज, अहो महाराज!" अशी हाक मारली आणि त्या हाकेसरशी तीन माणसांनी एकाच वेळी माना वळवल्या. एक होते आदल्या रात्रीचे कीर्तन आटोपून मुक्कामाला राहिलेले बुवा. दुसरा, भट्टीपाशी बसून कढईतली बुंदी झाऱ्याने निथळत असलेला आचारी. आणि तिसरा नवरदेवाचा मामा, ज्याला या सोहळ्यात कसलेच काम नव्हते आणि जो सकाळपासून लोडाला टेकून चहाची फर्माईश करीत असल्यामुळे घरच्या पोराटोरांनी त्याला उपरोधाने हा खिताब बहाल केला होता. हाक आचाऱ्याला होती. वरण संपत आले होते. बुवा हसले, मामाने मान पुन्हा लोडावर टेकली, आणि मी मात्र हातातला द्रोण तसाच धरून विचार करीत राहिलो की राजाधिराजांच्या ताम्रपटांवर मिरवलेला हा शब्द या तिघांत वाटला कसा गेला असेल.

शब्द जुना आहे, हे सांगण्यासाठी कोशाची पाने चाळावी लागत नाहीत. आरती संपल्यावर आपण जी मंत्रपुष्पांजली मोठ्या स्वरात, बहुधा अर्थाकडे लक्ष न देता म्हणतो, तिच्यात राज्याचे अनेक प्रकार एकापाठोपाठ मोजले आहेत. स्वाराज्य आहे, वैराज्य आहे आणि माहाराज्यही आहे. पण त्याच मंत्रांत 'महाराज' म्हणून ज्याला नमस्कार घडतो तो कोणी भूपती नसून वैश्रवण कुबेर आहे. बौद्धांच्या विश्वरचनेतही चार दिशांचे चार रक्षक देव 'महाराज' म्हणूनच ओळखले जातात. म्हणजे एका अर्थी ही पदवी पूर्वी देवांच्या दरबारातली होती. अर्ध्याहून अधिक भरतखंडावर ज्याचा अंमल चालला त्या अशोकाने आपल्या शिलालेखांत स्वतःला देवांचा प्रिय म्हणवून घेतले, पण राजपद म्हणून 'राजा' एवढ्यावरच संतोष मानला. आणि तेराव्या शिलालेखात सीरियाच्या ग्रीक अधिपतीचा उल्लेख करताना त्यालाही 'अंतियोक नावाचा योन राजा' असेच म्हटले. आपण राजा, तोही राजा. विनयाचा असा समतोल पुढच्या राजमंडळात फारसा आढळत नाही.

माणसाने स्वतःच्या नावामागे 'महाराज' असे कोरून घेतल्याचे जे आरंभीचे पुरावे आज उपलब्ध आहेत, ते भारतीय राजांचे नाहीत, ग्रीक राजांचे आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात हिंदुकुश ओलांडून गांधार आणि पंजाबात उतरलेल्या या यवन राजांपुढे एक व्यवहाराचा प्रश्न उभा राहिला. नाणे पाडायचे तर त्यावर धन्याचे नाव हवे, आणि ज्या बाजारात ते चालवायचे तिथल्या लोकांना ते वाचता आले पाहिजे. स्वतःच्या भाषेत त्यांची पदवी ठरलेली होती : बसिलेउस. तिला इथल्या प्राकृतात काय म्हणावे? अगाथोक्लीस नावाच्या राजाच्या काही नाण्यांवर ब्राह्मी लिपीत नुसते 'राजने' आहे, म्हणजे अशोकाचाच शब्द. परंतु अपोलोडोटसाच्या नाण्यांवर खरोष्ठीत 'महरजस' अशी अक्षरे येतात आणि पुढे हीच वहिवाट पडते. मिनँडरचा, म्हणजे आपल्या मिलिंदाचा, चांदीचा द्रम्म डोळ्यांपुढे आणावा. अंगठ्याच्या नखाहून किंचित मोठा, वजनाने अडीच ग्रॅमच्या आतबाहेर. एका बाजूस केसांभोवती राजपट्ट बांधलेले त्याचे मस्तक आणि कडेने ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस वज्र उगारलेली अथेना देवी आणि तिच्याभोवती उजवीकडून डावीकडे धावणारी खरोष्ठी : 'महरजस त्रतरस मेनंद्रस', त्राता महाराज मिनँडर याचे. खरोष्ठीत दीर्घ स्वर दाखवण्याची रीत नसल्याने 'महाराज' तिथे 'महरज' झाला आहे. वैश्रवणाचे पद यवनाला देताना टांकसाळीतल्या कारकुनाने काने तेवढे राखून ठेवले असावेत, असा विनोद करण्याचा मोह मला आवरत नाही.

कारकुनाने 'राजा' सोडून 'महाराज' का घेतला? त्याचे दफ्तर आपल्यापर्यंत आलेले नाही. माझा तर्क असा की 'राजा' हा शब्द त्या प्रांतात फार स्वस्त झाला असावा; गणाचा मुख्य राजा, नगराचा मुख्य राजा, मग हिंदुकुशापलीकडून आलेल्या घराण्याच्या पदवीला वेगळे वजन कसे यायचे? युक्रेटिडीस नावाच्या राजाने तर ग्रीकात स्वतःस 'महान बसिलेउस' म्हणवून घेतले, तरी खरोष्ठीत त्याच्याही वाट्याला तेच 'महरजस' आले. ग्रीकातली एक पायरी अनुवादात आपोआप नाहीशी झाली, आणि साधा बसिलेउस मात्र महान होऊन बसला.

या बसिलेउसचे मूळ कुळ पाहू गेल्यास हसू येते. मायकेल व्हेंट्रिस याने १९५२ साली ग्रीसच्या अतिप्राचीन मृत्फलकांवरील लिपी उलगडली, तेव्हा असे दिसून आले की त्या काळी राजाला 'वनक्स' म्हणत. बसिलेउस हा त्याच्या हाताखालचा एक गावपातळीवरचा कामगार होता, काही ठिकाणी तर ब्राँझ ओतणाऱ्या कारागिरांच्या टोळीचा मुकादम. पुढे वनक्सांचे राजवाडे जळाले, वनक्स गेला, आणि मुकादमाच्या पदवीला राज्य मिळाले. होमरच्या काव्यात बसिलेउस पुष्कळ आहेत. स्पार्टात एका वेळी दोन असत. अथेन्सने राजसत्ता काढून टाकली, पण पदवी काढून टाकण्याचे धैर्य तिला झाले नाही. देवांची जी प्राचीन कृत्ये 'राजाच्या' हातूनच व्हायला हवी होती, त्यांच्यासाठी दरवर्षी एक अधिकारी नेमून त्यालाच बसिलेउस म्हणण्याचा प्रघात तिने पाडला. सैन्य नाही, खजिना नाही. यज्ञयाग, उत्सव आणि धर्मविषयक फिर्यादी एवढाच त्याचा दप्तराधिकार. इसवी सनापूर्वी ३९९ मध्ये सॉक्रेटिसावर अधर्माची फिर्याद झाली तेव्हा तिची प्राथमिक चौकशी याच नामधारी राजापुढे झाली. गंमत अशी की याच ग्रीकांना खरोखरीच्या राजाविषयी बोलायचे झाले, की ते इराणच्या सम्राटाला नुसते 'बसिलेउस' म्हणत. कोणता, कुठला, नाव काय, हे सांगण्याची गरज नसे. अलेक्झांडरच्या सेनापतींनी इसवी सनापूर्वी ३०६ पासून ही पदवी एकामागून एक धारण केली ती त्या दराऱ्यासाठीच. आणि इसवी सन ६२९ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या हेराक्लियसने ती अधिकृतपणे घेतली, तेव्हा कारागिरांचा मुकादम रोमन साम्राज्याच्या सिंहासनावर चढला. (त्याच धातूपासून 'राजसी' या अर्थाचे एका सुगंधी रोपाचे नाव झाले आणि युरोपभर पसरले. ते रोप म्हणजे आपला सब्जा. उन्हाळ्यात सरबतात त्याचे बी फुगत घालताना कोणाला सम्राट आठवत नाही, हे बरेच आहे.)

तेव्हा एक शब्द भट्टीपासून सिंहासनाकडे चढत गेला, दुसरा कुबेराच्या अलकेहून खाली उतरत आला, आणि वाटेत त्या दोघांची गाठ अडीच ग्रॅमच्या चांदीवर पडली. आपल्या शब्दाची उतरण मात्र तिथून पुढेही थांबली नाही.

पदव्यांचेही चलनासारखे असते. अधिक पाडल्या की भाव उतरतो. कुषाणांना 'महाराज' पुरेना, म्हणून त्यांनी त्याला 'राजातिराज' आणि 'देवपुत्र' जोडले. एका कनिष्काच्या आरा येथील लेखात तर रोमचा 'कैसर'सुद्धा पंक्तीला आणून बसवला आहे. गुप्तांच्या वंशावळीत पहिले दोन पुरुष नुसते 'महाराज' आहेत आणि तिसरा, पहिला चंद्रगुप्त, 'महाराजाधिराज'. तिथे फरक पक्का झाला : महाराज म्हणजे ज्याच्या वर कोणी असू शकतो असा. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या पुण्याच्या ताम्रपटात तिचा पिता महाराजाधिराज आहे, आणि तिच्या सासरचे पुरुष महाराज.

याच वाकाटकांची दुसरी शाखा वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशिमला नांदत होती. विदर्भातले हे नगर विद्येचे माहेर होते. संस्कृत कवी राजशेखराने आपल्या रूपककथेत साहित्यविद्येचा आणि काव्यपुरुषाचा विवाह लावला तो वत्सगुल्मातच. १९३९ साली वाशिमलाच उजेडात आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट, ज्याचा सविस्तर अभ्यास पुढे महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी केला, माझ्या दृष्टीने या सगळ्या कथेतला सर्वांत हृद्य कागद आहे, कागद म्हणजे अर्थात तांबे. राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून सुटलेली ही सनद. वंशावळ संस्कृतात आहे : चार अश्वमेध करणारा सम्राट प्रवरसेन, त्याच्या कुळातला धर्ममहाराज सर्वसेन, त्याचा पुत्र धर्ममहाराज विंध्यशक्ती. पदव्या संपल्या आणि कामाचे बोलणे आले, की भाषा बदलते. नांदीकडाच्या, म्हणजे नांदेडच्या बाजूचे एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिले आहे, तिथे राजाच्या माणसांनी शिरू नये, फुले आणि दूध वसूल करू नये, हे सारे प्राकृतात आहे. ज्याच्या गोठ्यातून दूध जायचे त्याला हुकूम समजला पाहिजे ना! अंगावर दरबारी पोशाख आणि जिभेवर घरची बोली असा हा पट आहे, आणि जमाबंदीच्या व मामलेदार कचेरीच्या कागदांत पुढे शतकानुशतके चालू राहिलेल्या दुभाषी व्यवहाराचा तो आपल्या मातीतला एक जुना नमुना म्हणावा लागेल.

'धर्ममहाराज' या जोडशब्दापाशी मन थोडे रेंगाळते. मिनँडरच्याच काही नाण्यांवर 'त्रात्या'ऐवजी ग्रीकात 'दिकायोस', न्यायी, अशी उपाधी आहे आणि खरोष्ठीत तिचे भाषांतर 'महरजस ध्रमिकस' असे केले आहे. महाराज आणि धार्मिक. गांधारच्या टांकसाळीपासून वत्सगुल्माच्या लेखनिकापर्यंत पाचशेहून अधिक वर्षांचे आणि शेकडो कोसांचे अंतर आहे. एकाने दुसऱ्याचे उसने घेतले असे म्हणणे साहसाचे होईल, आणि पल्लव व कदंब राजेही धर्ममहाराज म्हणवून घेत होतेच. पण नुसते मोठेपण पुरत नाही, त्याला धर्माची पुष्टी जोडावी लागते, ही खूणगाठ परक्या यवनाला आणि घरच्या वाकाटकाला सारखीच पटली होती, हे खरे.

वत्सगुल्माच्या शाखेचा अस्त झाल्यावर वाशिमला राजधानी करून बसलेला महाराज पुन्हा झाला नाही. तिकडे गुजरातेत मैत्रक राजांच्या लेखांत 'महासामंत महाराज' अशी जोडी दिसू लागली, म्हणजे शब्द मांडलिकाच्या पंक्तीत पक्का बसला. मुसलमानी अंमलात सुभेदार, नवाब, हुजूर आले. निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दुहेरी अंमलात वऱ्हाडच्या रयतेने दोघांनाही वसूल भरला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि साहेबाचे राज्य सुरू झाले. त्यांनी पदव्यांची खिरापत वाटली, तीत 'महाराजा'ही होता. पण सर्वांत अजब खिताब १९३६ चा : निजामाच्या ज्येष्ठ पुत्राला 'वऱ्हाडचा युवराज' असे नाव देण्यात आले, आणि वऱ्हाडचा कारभार मात्र नागपुरातून मध्यप्रांताच्या सरकारने चालवावा असे ठरले. वाशिमच्या कोणा शेतकऱ्याने या युवराजापुढे कधी कैफियत मांडली असेल असे मला वाटत नाही. पुढे राज्यघटनेच्या १८ व्या अनुच्छेदाने खिताब देण्याचा सरकारचा अधिकारच काढून घेतला, आणि १९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीने उरलेल्या संस्थानिकांची मान्यताही संपली.

सरकारने सोडलेला शब्द लोकांनी उचलला असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. लोकांनी तो फार पूर्वीच आपल्याकडे घेतला होता. कारंज्याला ज्यांचा जन्म झाला ते नृसिंहसरस्वती दत्तभक्तांचे गुरुमहाराज आहेत. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि रामनवमीला तिथे देशभरचा बंजारा समाज लोटतो. ज्यांच्या पूर्वजांनी लदेणीचे बैल हाकून साऱ्या राजांच्या फौजांना धान्य पुरवले, त्यांनी महाराज म्हणून मानले ते एका गुरे राखणाऱ्या संताला. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाकडे अनवाणी चालत जाणारे जैन मुनी, ज्यांच्यापाशी उद्याची शिदोरीसुद्धा नसते, तेही महाराज. अथेन्सने मनुष्य घालवून पदवी देवळात ठेवली. आमच्याकडे कोणी ठराव केला नाही, तरी घडले तेच, आणि माझ्या मते अधिक चांगले घडले, कारण इथे ती वार्षिक नेमणुकीने न जाता श्रद्धेने गेली. शिवाजीराजांनी १६७४ मध्ये विधिपूर्वक धारण केलेली पदवी 'छत्रपती'. त्यांच्या नाण्यांवर 'श्री राजा शिव' आहे. 'महाराज' त्यांना रयतेच्या तोंडाने दिले. आज या मुलखात नुसते 'महाराज' म्हटले, की नाव विचारावे लागत नाही.

लग्न उरकल्यावर दोन दिवसांनी यजमान हिशेबाला बसले होते, मी शेजारी होतो. लाल बांधणीची वही. मांडववाल्याचे नाव होते, बँडवाल्याचे होते, दूधवाल्याचे तर बापाच्या नावासकट होते. आचाऱ्याच्या खात्यापुढे नाव नव्हते. मी विचारले, तर यजमानांनाही ते ठाऊक नव्हते. वीस वर्षे तोच माणूस त्यांच्या घरच्या कार्यांना येत होता. वहीत लिहिले होते : 'महाराज, दोन दिवस, रोख.'