किनाऱ्याचे राखणदार

फेब्रुवारी लागला की पुण्यात विचारणा सुरू होते: वेळासला पिल्लं कधी सोडणार? ताम्हिणी उतरून, मंडणगडमार्गे माणसं नाना फडणवीसांच्या या गावी पोहोचतात आणि ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना डोळे भरून पाहतात. मला मात्र त्या पिल्लांइतकंच गावाचं अप्रूप वाटतं.

२००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’चे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी इथे आले, तेव्हा त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. कोल्ही-कुत्री घरटी उकरत, माणसंही अंडी नेत. कासवाला कायद्याचं संरक्षण होतंच. पण पहाटेच्या अंधारात किनाऱ्यावर कायदा फिरत नाही, गावचा माणूस फिरतो. त्यालाच अंडी राखण्याच्या कामात घेतलं गेलं; तोच कासवमित्र.

हे काम चिकाटीचं आहे. मादी रात्री भरतीच्या रेषेवर येते, खड्डा करते, शंभरावर अंडी घालून वाळू सारखी करते आणि निघून जाते. मागे उरतो तो वल्ह्यासारख्या पायांचा माग. कासवमित्र उजाडायच्या आत तो माग शोधतो, मऊ वाळू चाचपून अंडी काढतो आणि कुंपण घातलेल्या हॅचरीत, मूळ घरट्याएवढ्याच खोलीवर पुरतो. पन्नासेक दिवसांनी वरची वाळू खचते. मग टोपली घालायची आणि वाट पाहायची. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, म्हणून जागेची निवडही जपून करावी लागते.

कासव महोत्सव सुरू झाला २००६ मध्ये, म्हणजे काम आधी आणि पाहुणे नंतर. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. पाहुणे घरोघरी उतरू लागले, जेवणाखाण्याचे पैसे गावातच राहिले आणि राखणीला बळ आलं. पैशासाठी राखण सुरू झाली असती, तर ज्या वर्षी घरटी कमी त्या वर्षी ती थांबली असती.

याच्या उलट उदाहरणही याच किनाऱ्यावर आहे, दक्षिणेला मालवणमध्ये. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं, आणि मच्छीमारांचा विरोध तेव्हापासून शमलेला नाही. त्यांना निसर्गाचे शत्रू समजणं हा अन्याय आहे. पर्ससीन जाळ्यांविरुद्ध आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरणारे पारंपरिक मच्छीमारही तिथलेच. मासळी टिकावी असं त्यांच्याइतकं कोणाला वाटणार? त्यांना हद्द आखताना विचारायला हवं होतं. फिलिपिन्सच्या आपो बेटावर १९८०च्या दशकात सागरी जीवशास्त्रज्ञ अँजेल अल्काला यांनी आधी कोळ्यांची मनं वळवली. मग गावानेच किनाऱ्याचा एक तुकडा मासेमारीला बंद केला आणि स्वतः राखला.

मच्छीमारांना सोबत घ्यायला हवं, हे आपल्या राज्य सरकारलाही कळतं. जाळ्यात अडकलेलं कासव किंवा देवमासा जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ साली आली. नुकसान कोणाचं होतं हे तिने मान्य केलं, म्हणून ती शहाणपणाची.

पुणेकरांना एवढंच सांगावंसं वाटतं: कासवं पाहायला वेळासला, आंजर्ल्याला जरूर जा, पण गावातल्या घरी उतरा. रात्री किनाऱ्यावर विजेरी मारत फिरू नका, पिल्लू हातात मागू नका. आणि त्या दिवशी टोपलीखाली काहीच निघालं नाही, तर कासवमित्राशी हुज्जत न घालता त्याच्याशेजारी बसा आणि त्याचं काम समजून घ्या.